दहा जीबीत न मावणाऱ्या शेळ्या

माझ्या सासूबाईंना तीन जावई. थोरले भूम डेपोला एसटीवर ड्रायव्हर आहेत. मधल्यांचं उमरग्यात हायवेला लागून मेडिकल आहे. तिसरा मी, बब्रुवान. बेंबळीत कुणी सासूबाईंना जावयांचं विचारलं की पहिल्या दोघांचं उत्तर एका दमात येतं. एक एसटी चालवतो, एक मेडिकल चालवतो. माझ्यापाशी आल्यावर मात्र त्या पदर सारखा करतात आणि म्हणतात, "धाकले हापिसात असतात." मग समोरचा 'हापिसात काय करतात?' असं विचारतोच, आणि सासूबाई पावसाचा विषय काढतात. गेली सोळा वर्षं माझ्यामुळं बेंबळीत पावसाची बरीच चर्चा झालेली आहे.

खरं म्हणजे माझं काम सांगण्यासारखं आहे. धाराशिवच्या एका शेळी पैदास सहकारी संस्थेत मी लिपिक आहे. आसपासच्या गावांतल्या साडेचारशे शेळ्यांची नोंद आमच्याकडं असते. प्रत्येक शेळीला एक पिवळा प्लास्टिकचा बिल्ला, बिल्ल्यावर नंबर, आणि त्या नंबरापुढं तिचं वय, वेतं, करडं, वजन, दूध. (गावाचं नाव धाराशिव झालं तरी शेळी अजून उस्मानाबादीच म्हणवून घेते. तिला कुणी विचारलेलं नाही.) बिल्ला खरं तर कानात पाहिजे, पण बाभळीच्या काट्यात अडकून कान फाटतात म्हणून निम्म्या शेळ्यांच्या गळ्यात तो काळ्या दोऱ्यानं बांधलेला असतो. आम्हीही फार ताणून धरत नाही.

वर्षातून एकदा मी आणि आमचे शिपाई ज्ञानोबा मोटारसायकलवर गावोगाव जाऊन प्रत्येक शेळीचा फोटो काढतो. फोटोत नंबर दिसलाच पाहिजे असा नियम आहे. शेळी काही आपणहून नंबर दाखवत नाही, म्हणून मी तिच्याजवळ उभा राहून बिल्ला चिमटीत धरतो आणि कॅमेऱ्याकडं वळवतो. फोटोच्या बाबतीत ज्ञानोबा फार काटेकोर आहेत. ते मागं मागं सरकत इतके लांब जातात, की एकदा शेळीवाल्या कडूबाईंच्या उकिरड्यात जाऊन बसले होते. त्या दिवसांत दीपाली, म्हणजे माझी बायको, मला इस्त्रीचा शर्ट देते. शेळीसाठी कशाला इस्त्री, असं मी एकदा म्हणालो होतो. त्यावर ती म्हणाली, शेळीसाठी नाही, शेळीवाल्या बायका आईच्या ओळखीच्या आहेत.

तर अशी अकरा वर्षांच्या फोटोंची आणि सतरा वर्षांच्या नोंदींची माझी इस्टेट. ती सगळी एका लांबलचक शीटमध्ये होती. ती शीट उघडायला क्लिक करायचं आणि कोपऱ्यावर चहा प्यायला जायचं. परत आलं की ती बहुतेक उघडत आलेली असायची. माझं उत्तम चाललं होतं.

मग आमचे चेअरमन कृष्णराज पुण्याला एका कार्यशाळेला गेले. तिथून ते दोन गोष्टी घेऊन आले. एक गळ्यातलं ओळखपत्र, आणि दुसरी 'बिग डेटा' हा शब्द. आल्या आल्या त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, आपला डेटा किती मोठा आहे. आता चेअरमननी विचारल्यावर लहान आहे असं कोण सांगेल? मी म्हणालो, लई मोठा आहे, साहेब, शीटला पेलत नाही. या एका वाक्यावर पुढचं सगळं रामायण घडलं.

चेअरमन म्हणाले, मग डेटाबेस टाका, पुण्यात सगळे तेच टाकतात. मी इंटरनेटवर शोधून एक नामांकित डेटाबेस उतरवून घेतला. ऑफिसचा पीसी तसा बरा आहे (पावसाळ्यात थोडा कुरकुरतो). इन्स्टॉल करायला घेतल्यावर पडद्यावर खिडकी उघडली: एडिशन निवडा. खाली यादी होती. एक मोफत, पण दहा जीबीच्या वर डेटा मावणार नाही. एक शिकणाऱ्यांसाठी, सगळं फुकट, पण खऱ्या कामाला वापरायची नाही. एक एकशेऐंशी दिवस चालणारी, त्यानंतर राम म्हणणारी. आणि शेवटच्या दोन विकतच्या. मला लग्नात आहेराच्या साड्या निवडायला बसवल्यासारखं झालं. एवढा मोठा निर्णय एकट्यानं घ्यायची मला सवय नाही, म्हणून मी चेअरमनना बोलावलं.

"एडिशन म्हणजे पेपरची असती तशी?" त्यांनी चष्मा लावत विचारलं.

"जवळपास तसंच, साहेब."

"मग आपली मराठवाडा एडिशन कुठंय बघा की."

मी म्हणालो, यात जिल्हावार नसते, डेटा किती आहे त्यावर असते. विकतच्या एडिशनचं कोटेशन मी काढून ठेवलं होतं, ते त्यांच्यापुढं सरकवलं. त्यांनी आकडा वाचला, कागद उलटा करून मागं काही आहे का पाहिलं, आणि विचारलं, "ह्याच्यासंगट ट्रॅक्टर येतो का?" येत नाही, असं मी सांगितलं. मग फुकट ते पौष्टिक, यावर आमचं एकमत झालं. दहा जीबी पुरतील का, असं त्यांनी जाता जाता विचारलं. मी म्हणालो, साहेब, दहा जीबी म्हणजे समुद्र.

समुद्र आठ दिवसांत भरला. सतरा वर्षांच्या नोंदी आत गेल्या तेव्हा कोपऱ्याएवढीही जागा भरली नव्हती. मग मी फोटो चढवायला घेतले आणि ते भराभर जागा खात सुटले. मंगळवारी दुपारी काम बंद पडलं. डेटाबेस भरलेला आहे, असा लाल अक्षरांत निरोप आला. या वर्षीचे सगळे फोटो बाहेरच राहिले होते. ज्या शेळीचा चालू वर्षाचा फोटो नाही तिचा दाखला छापायचा नाही, असं मीच मोठ्या हौसेनं त्यात बसवून ठेवलं होतं.

एरवी मी चहाला गेलो असतो. पण शनिवारी धाराशिवला शेळ्यांचा जिल्हा मेळावा होता. या वर्षी मेळाव्याच्या परीक्षक म्हणून पशुवैद्यकीय कॉलेजच्या डॉ. अर्पिता येणार होत्या. त्यांनी आधीच कळवलं होतं, की हाताने लिहिलेला दाखला चालणार नाही, कॉम्प्युटरचाच पाहिजे. आणि 'उत्तम माता शेळी' या गटात एक नाव होतं: दगडाबाई, मुक्काम बेंबळी, शेळीचं नाव चांदणी, बिल्ला नंबर चारशे बारा, नोंदीत विक्रमी एकसष्ट करडं. दगडाबाई म्हणजे माझ्या सासूबाई.

मेळाव्यात प्रत्येक गटाला पहिलं बक्षीस कडबाकुट्टी यंत्र होतं. सासूबाई वीस वर्षं कोयत्यानं कडबा तोडतात. गेल्या वर्षापासून त्यांचं उजवं मनगट सुजतं आणि सकाळी ताक घुसळताना त्या हात बदलतात. यंत्र घेऊन देतो म्हटलं तर घेत नाहीत. जावयाकडून कसं घ्यायचं, म्हणतात. बक्षीस मिळालं तर मात्र ते चांदणीनं मिळवलेलं असणार होतं. रविवारी त्यांनी दीपालीला फोन करून एवढंच सांगितलं होतं, की जावईबापूंना म्हणावं, तेवढा कागद काढून ठेवा.

"आईनं तुमच्याकडं सतरा वर्षांत पहिल्यांदा काहीतरी मागितलंय," दीपाली म्हणाली, "आणि तेही तुमच्याच ऑफिसातलं."

बुधवारी सकाळी मी तिला माझी अडचण सांगितली. ती डाळींचे डबे पुसत होती. मी म्हणालो, दहा जीबीत मावत नाही, मोठी एडिशन चेअरमन घेऊ देत नाहीत. तिनं झाकण लावता लावता सांगितलं, मावत नसलं की मोठा डबा आणायच्या आधी आत काय भरलंय ते बघावं, आणि नको ते काढावं. यातलं पहिलं अर्धं मी ऐकलं नाही. (लग्नाला सतरा वर्षं झाली की माणूस वाक्याचा शेवटच धरतो, कारण काम तिथंच असतं.) नको ते काढावं, हे मात्र पटलं.

ऑफिसात येऊन मी विचार केला. नको असलेल्या शेळ्या कोणत्या? मेलेल्या. मेलेल्या कोणत्या ते कसं ओळखायचं? वयावरून. शेळी फार तर दहा-बारा वर्षं जगते. मी उदार मनानं पंधरा धरली. पंधरा वर्षांच्या वरच्या सगळ्या शेळ्या फोटोंसकट काढून टाक, अशी एका ओळीची आज्ञा लिहिली आणि बटण दाबलं. अठ्ठावन्न शेळ्या गेल्या आणि बघता बघता सव्वा जीबी जागा मोकळी झाली. मला आश्चर्य वाटलं. मेलेल्या शेळ्या एवढी जागा अडवून बसल्या होत्या आणि इकडं जिवंत शेळ्यांना उभं राहायला जागा नव्हती. अगदी आपल्या एसटी स्टँडसारखंच, असं मी ज्ञानोबांना म्हणालोसुद्धा, आणि आनंदाच्या भरात त्यांना माझ्याकडून चहा पाजला. या वर्षीचे फोटो बसले. अठ्ठावन्न फोटोंना नोंदच सापडत नाही असा काहीतरी निरोप आला, तो मी ओके म्हणून बंद केला. (निरोप कोणताही असो, माझं पहिलं उत्तर ओकेच असतं. ऑफिसातही आणि घरीही.)

गुरुवारी सकाळी अकराला सासूबाई आल्या. बेंबळीहून टमटममध्ये बसून, मांडीजवळ चांदणीला धरून. चांदणी काळीभोर, कानांवर पांढरे ठिपके, गळ्यात घुंगरू आणि घुंगराशेजारी पिवळा बिल्ला. शेळीला दारात बांधा म्हणालो तर सासूबाई म्हणाल्या, तिचाच कागद काढायचाय, तिला नको का बघायला? मग दोघी आत आल्या.

मी खुर्ची पुढं ओढली, बोटं मोडली आणि झोकात चारशे बारा टाकलं. पडद्यावर आलं: नोंद आढळली नाही. मी पुन्हा टाकलं, या खेपेला एकेक आकडा जोरात दाबून. तरी तेच. चारशे अकरा होती. चारशे तेरा होती. मधली जागा रिकामी होती. तेव्हा कुठं त्या रिकाम्या जागेत मला कालच्या अठ्ठावन्न शेळ्या दिसल्या.

"काय म्हणायलंय ते?" सासूबाईंनी विचारलं.

"सर्व्हर डाऊन आहे," मी म्हणालो.

"कुठंय सर्व्हर?"

सर्व्हर त्यांच्या पायाशीच होता. चांदणी त्याला हुंगत होती. मी काही बोलायच्या आत दारातून चेअरमन आले आणि त्यांच्यामागून डॉ. अर्पिता. बाई आज दाखले तपासायला येणार हे चेअरमननी मला सांगितलं नव्हतं (किंवा सांगितलं होतं आणि मी वाक्याचा शेवटच धरला होता). चेअरमन मोठ्या अभिमानानं सांगत होते, की आमचा डेटा इतका बिग होता की बसेना, पण आमच्या क्लार्कनं मेलेल्या शेळ्या काढून सव्वा जीबी रिकामं केलं.

"मेलेल्या म्हंजी?" सासूबाईंनी विचारलं.

मग मला सांगावंच लागलं. चांदणीचं वय रजिस्टरप्रमाणं एकोणीस भरत होतं, म्हणून ती मेलेल्यात गेली. मी हे शक्य तितक्या हळू आवाजात सांगितलं, पण चांदणी त्याच क्षणी मोठ्यानं ओरडली. सासूबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी सुजलेलं मनगट दुसऱ्या हातात धरलं.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "म्या दुसरं काय मागिटलं न्हवतं."

सतरा वर्षांत मी बऱ्याच गोष्टी विसरलो आहे, पण हे वाक्य विसरणार नाही. मला खरोखर लाज वाटली. त्या बाईंनी मला कधी कमी लेखलं नव्हतं, फक्त सांगता येत नव्हतं म्हणून पावसावर बोलल्या होत्या. आणि आता सांगता येईल असं मी काही केलंच असेल तर ते म्हणजे त्यांची शेळी मारली होती.

अर्पिताबाईंनी तोवर खाली बसून चांदणीचं तोंड उघडून दात पाहिले. त्या म्हणाल्या, ही फार तर चार वर्षांची आहे. माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे वय चुकीचं लिहिलं होतं, आणि मी सोळा वर्षांपूर्वी लागलो, नोंद त्याच्या आदल्या वर्षाची, म्हणजे चूक माझी नाही. मी हे बोलून दाखवणार, एवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "चारचीच हाय की. एकुणीस कोण म्हणलं?"

चेअरमन म्हणाले, तुमच्या बिल्ल्याच्या नंबरावर लिहिलंय.

"बिल्ला हिच्या आईचा हाय," सासूबाई म्हणाल्या. "तिला तिच्या आईचा, अशा हिच्यासकट पाच जणी झाल्या. पैली चांदणी म्हातारी होऊन गेली तवा तिचा बिल्ला म्या लेकीच्या गळ्यात बांधला. आईचा डाग लेकीलाच जातो की. का तुमच्या हापिसात दुसऱ्याला देत्यात?"

डाग म्हणजे दागिना. ज्ञानोबांनी मान डोलावली. ते म्हणाले, बेंबळीत समद्याच बाया असंच करतात, त्यांची बायकोसुद्धा. सोळा वर्षं हा माणूस माझ्याबरोबर शेळ्या मोजत हिंडला होता आणि हे मला आत्ता सांगत होता. मी त्यांना तसं विचारलं. ते म्हणाले, तुमी कुठं इचारलं?

चेअरमन खाली बसले. एकाच नंबरावर पाच शेळ्या, म्हणजे एकसष्ट करडांची ती विक्रमी नोंद पाच जणींची मिळून होती. उत्तम माता गटातून नाव बाद होणार हे उघडच होतं. सासूबाईंनीही ते ओळखलं असावं, कारण त्यांनी दावं हाताला गुंडाळायला घेतलं.

"एक मिनिट, आजी," अर्पिताबाई म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, की या मेलेल्या शेळीचा गेल्या वर्षी फोटो कुणी काढला? जुने फोटो कुठं आहेत?

मी डेटाबेसमधून तर सगळे उडवले होते. पण ज्ञानोबा उठले, कपाट उघडलं आणि खणाच्या कापडात बांधलेली हार्डडिस्क काढून दिली. मूळ फोटो त्यांनी देवासारखे जपून ठेवले होते. (बॅकअप हा शब्द मी त्यांना तीनदा समजावून सांगितला होता. मी स्वतः घेतला नव्हता.) बाईंनी चारशे बाराचे अकरा फोटो काढले आणि पडद्यावर एकामागून एक लावले.

अकरा वर्षांत पाचांपैकी शेवटच्या तीन चांदण्या होत्या. त्यातल्या पहिलीचे कान पूर्ण पांढरे, दुसरीच्या कपाळावर चांदवा, तिसरी ही. पण हे कळायला बाईंना फोटो बराच मोठा करावा लागला, कारण प्रत्येक फोटोच्या मधोमध, डोक्यापासून चपलेपर्यंत, मी होतो. शेळी माझ्या गुडघ्याशी कुठंतरी होती. फोटोत मी होतो, माझ्यामागं कुडाची भिंत होती, भिंतीवर सुकत घातलेली गोधडी होती, वर आभाळ होतं. पहिल्या फोटोत मी बारीक होतो आणि मला केस होते. मग फोटोगणिक केस मागं सरकत गेले आणि पोट पुढं आलं. सासूबाई पदराआडून हसल्या. त्या म्हणाल्या, "शेळी दर खेपंला तरणी व्हायलीय अन् जावईबापू म्हातारे."

"हे गृहस्थ सगळ्या फोटोंत आहेत?" बाईंनी विचारलं.

"पाचही हजार फोटोंत," मी म्हणालो. अजूनही मला त्यात थोडा अभिमान वाटत होता.

"आणि एवढ्या लांबून का काढलेत?"

याचं उत्तर ज्ञानोबांनी दिलं. माणसाचा फोटो काढताना पाय कापू नयेत, असं त्यांच्या वडिलांनी त्यांना शिकवलं होतं. पाय कापलेला फोटो अशुभ. साहेब तर संस्थेचे माणूस, त्यांचे पाय कसे कापायचे? म्हणून साहेब अख्खे मावेपर्यंत ते मागं सरकत. तेवढ्या लांबून बिल्ल्याचा नंबर दिसत नसे, म्हणून त्यांनी कॅमेरा सगळ्यात मोठ्या फोटोवर लावून ठेवला होता. आता वाढवला की नंबर दिसतो. त्यांनी हे इतक्या निर्मळ मनानं सांगितलं, की चेअरमननासुद्धा रागावता आलं नाही.

बाईंनी कागदावर थोडी आकडेमोड केली. मग त्यांनी एका फोटोतली नुसती शेळी आणि बिल्ला ठेवला, बाकीचं कापलं, आणि फोटो केवढा उरला ते आम्हाला दाखवलं. पूर्वीच्या पंधराव्या हिश्शाहूनही लहान झाला होता. सगळे फोटो असे कापले तर अकरा वर्षांचा डेटा एक जीबीतही बसेल, त्या म्हणाल्या, तुम्हाला कुठलीच मोठी एडिशन नको आहे, ही मोफतची जन्मभर पुरेल.

"मग आमचा बिग डेटा?" चेअरमननी काकुळतीला येऊन विचारलं.

"डेटा लहानच आहे, सर," बाई म्हणाल्या. "त्यात क्लार्क फार आहे."

दीपालीच्या वाक्याचं पहिलं अर्धं मला तेव्हा आठवलं. आत काय भरलंय ते आधी बघावं. आत मी भरलो होतो.

पण बाईंचं लक्ष आता माझ्यावर नव्हतं. त्या सासूबाईंशेजारी बाकावर जाऊन बसल्या आणि त्यांनी पहिल्या चांदणीपासून विचारायला सुरुवात केली. सासूबाई सांगत गेल्या. पहिलीला कोणत्या सणाला कोणती करडं झाली, दुसरी कुणाची लेक, तिनं दूध किती दिलं, तिसरीला जुळी किती, कोणत्या दुष्काळात कोण तगली. कागद नाही, कॉम्प्युटर नाही. बाईंनी मला कपाटातली जुनी रजिस्टरं काढायला लावली आणि मी एकेक नोंद वाचत गेलो. एकसष्टच्या एकसष्ट करडं जुळली. दुधाच्या आकड्यात दोन ठिकाणी फरक निघाला, तिथं रजिस्टर चुकलेलं होतं. (अक्षर माझं होतं.)

मग अर्पिताबाईंनी सांगितलं, की मेळाव्यात 'उत्तम मातृवंश' असा एक गट तीन वर्षांपासून आहे. त्यात अजून एकही नाव आलं नव्हतं, कारण आई, तिची लेक, तिची लेक अशी सलग पाच पिढ्यांची नोंद कुणाकडंच नसते. बिल्ला बदलतो आणि माग तुटतो. आजींनी बिल्ला बदलला नाही म्हणून इथं तो तुटला नाही. चारशे बारा ही शेळी नव्हे, घराणं आहे. चेअरमननी लगेच विचारलं, त्या गटाला बक्षीस काय. बाई म्हणाल्या, कडबाकुट्टीच, सगळ्या गटांना तेच आहे.

सासूबाईंनी दावं पुन्हा सोडलं. मला इतका आनंद झाला, की मी चांदणीच्या पाठीवरून हात फिरवला. तिनं माझा शर्ट चघळला, पण तो इस्त्रीचा नव्हता.

गुरुवारची उरलेली दुपार आणि शुक्रवार पुरा आम्ही फोटो कापत बसलो. मी नंबर वाचायचा आणि ज्ञानोबांनी माऊसनं चौकट ओढायची. मला कापताना त्यांना फार जड जात होतं. प्रत्येक फोटोला ते 'माफी असावी' असं पुटपुटत. शंभरएक फोटो झाल्यावर ते म्हणाले, "साहेब, म्या अकरा वर्सं पाय सांभाळले, अन् आता मुंडकंबी ऱ्हायलं न्हाय." शेवटी बाईंच्या कॉलेजातल्या पोरांनी एका छोट्या प्रोग्रामनं उरलेले कापून दिले. अठ्ठावन्न शेळ्या, म्हणजे अठ्ठावन्न घराणी, परत जागेवर आली. सगळा डेटा भरला आणि खाली आकडा आला: नऊशे एमबी. दहा जीबीच्या समुद्रात आमच्या शेळ्या घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या होत्या.

शनिवारी मेळाव्यात चारशे बाराला पहिलं बक्षीस मिळालं. सासूबाईंनी नवीन लुगडं नेसून, चांदणीला घेऊन स्टेजवर जाऊन कडबाकुट्टीचं कार्ड घेतलं. यंत्र टेम्पोत चढवताना त्यांनी त्याचं चाक एकदा डाव्या हातानं फिरवून पाहिलं आणि मग उजव्या हातानंही. दीपाली माझ्याशेजारी उभी होती. तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, तुमच्याकडून चुकून का होईना, झालं.

मंडपाच्या तोंडाशी बाईंनी एक मोठं बॅनर लावलं होतं. त्यावर तीन चांदण्यांचे फोटो, खाली पाच पिढ्यांचा तक्ता. फोटो नेमके कापलेले होते. शेळी, बिल्ला, आणि बिल्ला धरलेला माझा अंगठा. तिन्ही फोटोंत फक्त अंगठा. त्याच्या वरचा सोळा वर्षांच्या नोकरीचा माणूस कटिंगमध्ये गेला होता.

मी बॅनरमागून येत होतो. तिकडून बेंबळीच्या सुमनबाई आणि आणखी दोन-तीन बायका सासूबाईंना गाठून उभ्या होत्या. कौतुक झालं, यंत्राचं झालं, आणि मग सुमनबाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. ते धाकले जावई ह्याच हापिसात हायत ना, काय करत्यात ते?

मी जागच्या जागी थांबलो. आता पावसाचा विषय निघणार असं मला वाटलं. आभाळही भरून आलेलं होतं. पण सासूबाईंनी पदर सारखा केला नाही. त्या वळल्या, बॅनरवर बोट ठेवलं आणि सगळ्या मंडपाला ऐकू जाईल अशा भरल्या आवाजात म्हणाल्या,

"ह्यो अंगठा दिसायलाय का? त्यो आमच्या जावयाचा. बिल्ला धरत्यात."